बी.एड.चे छात्राध्यापक तुमच्याकडे आले आहेत? गणित-विज्ञानाच्या मार्गदर्शक शिक्षकांसाठी

महाविद्यालयाचे पत्र येते, मुख्याध्यापक ते पर्यवेक्षकांकडे देतात आणि एखाद्या सोमवारी शिक्षक-खोलीत कळते, "यंदा गणित-विज्ञानाचे चौघे तुमच्याकडे." मार्गदर्शक शिक्षकाला तयारी म्हणून बहुतेक वेळा एवढेच मिळते. पुढे काय होते तेही ठरलेले आहे. पहिल्या दिवशी वर्ग छात्राध्यापकाच्या हाती जातो, आपण पेपर तपासायला मोकळे होतो आणि शेवटच्या आठवड्यात पाठांच्या वहीवर 'पाठ चांगला झाला, फलक लेखन सुधारावे' असे शेरे एका बैठकीत मारले जातात.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) २०१४ च्या नियमावलीनंतर बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात शाळेतले किमान २० आठवडे आले, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. म्हणजे दुसऱ्या वर्षाचा छात्राध्यापक जवळपास एक सत्र तुमच्या शाळेत असतो. ते सत्र कसे वापरायचे, हे पुढे क्रमाने दिले आहे. एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. बी.एस्सी. होऊन आलेल्या मुलीला विषय येतो. आठवीतला मुलगा त्या विषयात नेमका कुठे अडखळतो, हे तिला माहीत नसते, आणि ते महाविद्यालयात शिकता येत नाही, कारण ते मुलांच्या वह्यांत असते. तुमचे बरेचसे काम तिला त्या वह्यांपर्यंत नेण्याचे आहे.

१. ते येण्याआधी जमवायचे कागद

महाविद्यालयाकडून घ्या:
– मुख्याध्यापकांच्या नावाचे पत्र, त्यात सुरुवातीची आणि शेवटची तारीख
– छात्राध्यापकांची यादी, प्रत्येकाची पदवी आणि दोन्ही अध्यापन पद्धती (म्हणजे शिकवायचे दोन विषय)
– किती पाठ, किती निरीक्षणे, कोणते उपक्रम, कोणत्या वह्या (पाठ टाचण, निरीक्षण, दैनंदिनी, घटक चाचणीचा अहवाल)
– मूल्यमापनाचा तक्ता, आणि त्यात तुमच्या हातात किती गुण आहेत
– पाठ पाहायला येणाऱ्या प्राध्यापकांचे वार

तुमच्याकडून द्या:
– वर्गाचे वेळापत्रक आणि चालू सत्राचे घटक नियोजन
– वर्गाचा बैठक तक्ता, नावांसह
– प्रयोगशाळेतील साहित्याची यादी, आणि कोणते साहित्य खरेच चालते याची खूण
– चाचण्या, गणेशोत्सव, स्नेहसंमेलन, दिवाळीची सुट्टी यांच्या तारखा

पदवी विचारायचे कारण आहे. वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी मिळवलेल्या छात्राध्यापकाने भौतिकशास्त्राला बारावीनंतर हात लावलेला नसतो. त्याला पहिलाच पाठ 'विद्युतधारेचे परिणाम' दिलात, तर तो पुस्तक पाठ करून येईल. पहिले दोन-तीन पाठ त्याच्या घरच्या मैदानावर द्या आणि कच्च्या विषयाकडे मग वळवा. पण वळवा नक्की. नोकरी लागल्यावर विज्ञानाचे दोन्ही भाग त्यालाच शिकवायचे आहेत.

वर्ग निवडताना सहावी ते आठवी पहिल्या पसंतीची, नववी चालेल. दहावी देऊ नका. तिथे अभ्यासक्रमाची घाई असते, पालक फोन करतात, आणि छात्राध्यापकाला चुकायला जागा उरत नाही.

एक सापळा इथेच सांगून ठेवतो. 'बी.एड.वाले आले' की शाळेला ऑफ तास भरायला माणसे मिळतात. आठवड्याला दोनपेक्षा जास्त ऑफ तास द्यायचे नाहीत, हे पर्यवेक्षकांशी पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. नंतर ते कोणी ऐकत नाही.

२. पहिला आठवडा: शिकवायचे नाही, पाहायचे

छात्राध्यापक मागच्या बाकावर बसतो आणि तुमचा पाठ पाहतो. नुसते 'पाहा' म्हटले तर तो तुमची वाक्ये उतरवून घेईल, किंवा मोबाइल काढेल. म्हणून रोज एकच काम सांगा:

– सोमवार: बैठक तक्त्यावर, कोणाला प्रश्न गेला तिथे एक रेघ. (आठवडाभर एकही रेघ नसलेली मुले बहुधा खिडकीकडच्या शेवटच्या रांगेत सापडतात.)
– मंगळवार: मुलांनी विचारलेले प्रश्न, शब्दशः.
– बुधवार: एकाच मुलाकडे ३५ मिनिटे लक्ष. तो केव्हा लिहितो, केव्हा शेजाऱ्याच्या वहीत पाहतो?
– गुरुवार: १० वह्या घरी न्यायच्या आणि त्यांतल्या चुका गोळा करायच्या. बरोबर उत्तरे सोडून द्यायची.
– शुक्रवार: त्या चुकांतली एक घेऊन दोन मुलांशी मधल्या सुट्टीत बोलायचे. "हे कसं केलंस, मला सांग." दुरुस्त करायचे नाही, फक्त ऐकायचे.

शुक्रवारचे काम सगळ्यांत अवघड जाते. नव्या शिक्षकाला चूक दिसली की उत्तर सांगितल्यावाचून राहवत नाही.

३. पाठ टाचण: साचा त्यांचा, तीन ओळी तुमच्या

महाविद्यालयाच्या पाठ टाचणाचा साचा ठरलेला असतो. पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. तो बदलायला जाऊ नका, छात्राध्यापकाचे गुण त्यावर असतात. मात्र टाचणाच्या वर तीन ओळी लिहिल्याशिवाय सही करू नका:

(क) आज मुलांच्या डोक्यात कोणती एकच गोष्ट बदलायची आहे?
(ख) मुले कोणती चूक करतील, आणि का?
(ग) ती गेली की नाही, हे कोणत्या प्रश्नाने कळेल?

'मुलांना उष्णता व तापमान यांचे आकलन होते' हे (क)चे उत्तर नव्हे. असे चालेल: 'तापमान सारखे असले तरी उष्णता कमीजास्त असू शकते.' (ख): 'गरम म्हणजे जास्त उष्णता, असे मुलांना वाटते, कारण घरी दोन्हींसाठी एकच शब्द वापरतात.' (ग): 'एका वाटीत आणि एका बादलीत ६० अंश सेल्सिअसचे पाणी आहे. जास्त उष्णता कशात? का?' (क) जमले की बाकीचे टाचण सुतासारखे सरळ होते. (ख) रिकामी राहिली तर छात्राध्यापकाला गेल्या आठवड्याच्या वह्यांकडे परत पाठवा.

प्रस्तावनेबद्दल थोडे. सराव पाठांत प्रस्तावनेच्या प्रश्नांची एक साखळी चालत आलेली आहे. "सकाळी उठल्यावर आपण काय करतो? दात कशाने घासतो? पेस्टची चव कशी असते?" असे करत करत मुलांना आम्लारींपर्यंत आणायचे, कोणी तरी तो शब्द उच्चारला की "शाब्बास, आज आपण आम्ल व आम्लारी शिकणार आहोत" म्हणायचे आणि फळ्यावर शीर्षक लिहायचे. चौथ्या प्रश्नापर्यंत वर्गाला खेळ कळलेला असतो. त्याऐवजी दोन मिनिटांत काहीतरी दाखवा. हळदीने पिवळा केलेला कागद, त्यावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब, डाग लाल. "का?" एवढी प्रस्तावना पुरते.

मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवलेले टाचणही ओळखता आले पाहिजे. त्यात वर्गाचा पट जुना असतो, तारखांत खाडाखोड असते आणि उदाहरणे पाठ्यपुस्तकातल्या जुन्या आवृत्तीची असतात.

४. प्रयोग: आदल्या दिवशी, त्याच साहित्याने, घड्याळ लावून

विज्ञानाचा पाठ फसण्याचे सर्वांत सामान्य कारण हे, की छात्राध्यापकाने प्रयोग पुस्तकात वाचलेला असतो, हातांनी केलेला नसतो. नियम साधा ठेवा. आदल्या दिवशी मोकळ्या तासिकेला तुमच्यासमोर प्रयोग झाला नाही, तर उद्या तो वर्गात होणार नाही. नेहमी फसणारे काही प्रयोग आणि त्यांची कारणे:

चुन्याची निवळी. पानाला लावायचा चुना दोन चमचे, पाणी एक लिटर. ढवळून रात्रभर ठेवा, वरचे स्वच्छ पाणी हळूच ओतून घ्या, बाटली काठोकाठ भरून घट्ट बूच लावा. उघडी राहिली तर हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून वर साय धरते आणि वर्गात निवळी आधीच पांढुरकी दिसते. दुसरा घोळ उलटा होतो. नळीतून फुंकल्यावर निवळी दुधाळ होते, मुले हौसेने फुंकतच राहतात आणि ती पुन्हा नितळ व्हायला लागते. छात्राध्यापक गडबडतो. जास्त कार्बन डायऑक्साइडमुळे न विरघळणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटचे विरघळणारे बायकार्बोनेट होते, हे त्याला आधी माहीत असेल तर ही गडबड पाठातला सर्वांत चांगला क्षण ठरते. नळी ओढायची नाही, फुंकायचीच, हे मुलांना दोनदा सांगायला लावा.

पानातील स्टार्च. पान पाण्यात दोन मिनिटे उकळायचे, मग स्पिरिटच्या परीक्षानळीत घालून ती नळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात धरायची. स्पिरिटची नळी थेट ज्योतीवर कधीही नाही, आणि पात्रातले पाणी तापले की खालचा दिवा विझवायचा. हरितद्रव्य निघाले की पान कोमट पाण्यात धुऊन थंड होऊ द्यायचे आणि मग आयोडीन. पान गरम असताना आयोडीन टाकले तर निळा-काळा रंग धरत नाही. सकाळच्या शाळेत पहाटे तोडलेले पान किंवा सलग ढगाळ दिवसांतले पान घेतले तरी रंग फिका येतो. जास्वंदीचे कोवळे पान आदल्या दिवशी दुपारी उन्हातून तोडा आणि लगेच उकळून ठेवा.

खिळा आणि मोरचूद. १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम मोरचूद. खिळा साधा लोखंडी, पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेला. तेलकट खिळ्यावर तांबे नीट बसत नाही आणि स्टेनलेस स्टीलचा स्क्रू वापरला तर काहीच होत नाही. ठळक बदल दिसायला २० ते ३० मिनिटे लागतात, तासिका ३५ मिनिटांची असते. म्हणून पहिल्या मिनिटाला खिळा द्रावणात सोडायचा, मग शिकवायला लागायचे. तुलनेसाठी तेच द्रावण खिळा न टाकता शेजारी ठेवा. नाहीतर 'निळा रंग फिका झाला' हे मुले केवळ सरांच्या शब्दावर मानतात.

लोलक. दोरी एक मीटर, गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजलेली. हेलकावा लहान, १० अंशांच्या आत. २० दोलनांना सुमारे ४० सेकंद लागतात. मुले गोळा सोडतानाच "एक" म्हणतात, त्यामुळे प्रत्यक्षात १९ दोलने मोजली जातात, वेळ ३८ सेकंद येतो आणि गुरुत्व त्वरण ९.८ ऐवजी १०.९ च्या आसपास निघते. सोडताना "शून्य" म्हणायला लावा. मात्र हे आधी सांगू नका. अर्ध्या गटांना चुकू द्या, दोन्ही उत्तरे फळ्यावर येऊ द्या आणि फरक कुठून आला ते मुलांनाच शोधू द्या.

स्थितिक विद्युत. जुलै-ऑगस्टमध्ये कंगवा आणि कागदाच्या कपट्यांचा प्रयोग कोकणात तर सोडूनच द्या. दमट हवेत प्रभार टिकत नाही. घटक नियोजनात तो दिवाळीनंतर सरकवता आला तर उत्तम.

सुरक्षिततेच्या बाबतीत सूट नाही. संहत आम्ल पातळ करताना आम्ल पाण्यात, थोडे थोडे, ढवळत. पाणी आम्लात कधीच नाही. परीक्षानळी तापवताना एक तृतीयांशापेक्षा कमी भरलेली, तोंड कोणाकडेही नाही. जळत्या मॅग्नेशियमच्या फितीकडे थेट पाहायचे नाही. सोडियम केरोसीनमधून काढताना मुगाच्या दाण्याएवढा तुकडा, आणि तो तुम्ही स्वतः काढायचा. संहत आम्ले आणि सोडियम यांच्या कपाटाची किल्ली छात्राध्यापकाकडे जात नाही, तो कितीही हुशार असला तरी.

साहित्य नाही म्हणून प्रयोग नाही, ही सबब मात्र ऐकून घेऊ नका. अरविंद गुप्ता यांची टाकाऊतून खेळण्यांची पुस्तके मराठीतही आहेत. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे एवढ्यावर त्रिकोण ताठ का राहतो आणि चौकोन का कलतो, हे पाच मिनिटांत दिसते.

५. गणित: चुकीच्या मागचे डोके शोधायला शिकवा

गणिताच्या छात्राध्यापकाचा मोठा गैरसमज असा, की उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवले म्हणजे शिकवले. तो पाच उदाहरणे भराभर सोडवतो, मुले उतरवून घेतात, सगळे खूश. चुका गृहपाठात बाहेर येतात आणि तेव्हा तो म्हणतो, "लक्ष देत नाहीत."

चुका सहसा निष्काळजीपणाच्या नसतात. मुलाने एक नियम बनवलेला असतो आणि तो तो इमानदारीने वापरत असतो. छात्राध्यापकाबरोबर बसून अशी यादी करा:

१/२ + १/३ = २/५. वरचे वर, खालचे खाली. गुणाकारात असेच चालते, मग बेरजेत का नाही? 'लसावि घ्या' हे उत्तर झाले नाही. मुलाला विचारायला लावा, "अर्धी भाकरी आणि तिसरा हिस्सा मिळून अर्ध्यापेक्षा कमी होईल का?" २/५ तर अर्ध्यापेक्षा लहान आहे.

०.३५ हे ०.४ पेक्षा मोठे, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे. याला आपणच खतपाणी घालतो. 'शून्य पूर्णांक पस्तीस' वाचले की कानाला पस्तीस ऐकू येते. 'शून्य दशांश चिन्ह तीन पाच' असे वाचायची सवय छात्राध्यापकाला पहिल्या दिवसापासून लावा. पाचवी-सहावीत आणखी एक अडचण भेटते. 'पस्तीस' ऐकून मूल ५३ लिहिते, कारण मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक नंतर. ती चूक गणिताची कमी, भाषेची जास्त.

२क्ष = १०, म्हणून क्ष = १० − २ = ८. हे 'पलीकडे नेताना चिन्ह बदलते' या वाक्याचे थेट फळ आहे. मुलाला अधिकचे उणे होते एवढेच ऐकू आले. पक्षांतराचा शब्द पहिले दोन आठवडे वापरू नका, तराजू वापरा. दोन्ही पारड्यांतून सारखेच काढायचे, दोन्ही पारड्यांचे सारखेच भाग करायचे. पक्षांतर हा त्याचा शॉर्टकट आहे, तो शेवटी आपोआप येतो.

(अ + ब)² = अ² + ब². सूत्र दहा वेळा लिहायला लावल्याने हे जात नाही. ८ सेंटिमीटर बाजूचा कागदी चौरस घ्या, प्रत्येक बाजू ५ आणि ३ अशी विभागून कापा. २५ आणि ९ मिळून ३४ होतात, पण पूर्ण चौरस ६४ चा आहे. उरलेले ३० कुठे गेले? हातात ५ × ३ चे दोन आयत उरलेले असतात.

भूमितीत फळ्यावरच्या आकृत्या पाहा. छात्राध्यापक प्रत्येक काटकोन त्रिकोण पाया आडवा आणि काटकोन डाव्या कोपऱ्यात असाच काढत असेल, तर मुले कर्ण म्हणजे 'तिरकी बाजू' एवढेच शिकतात. त्रिकोण फिरवला की कर्ण हरवतो. शिरोलंब नेहमी त्रिकोणाच्या आतच काढला, तर विशालकोन त्रिकोणात तो बाहेर पडतो हे त्यांना पटत नाही. एकाच आकृतीच्या तीन वेगवेगळ्या स्थिती काढणे टाचणातच लिहायला लावा.

फळ्याची विभागणीही शिकवावी लागते. उजवीकडचा एक तृतीयांश भाग कच्च्या कामाला, तो पुसायचा. डावीकडचे मुख्य काम तासिका संपेपर्यंत पुसायचे नाही. उशिरा लिहिणाऱ्या मुलाला आधार तेवढाच.

६. वर्ग हळूहळू सोपवा

दुसरा-तिसरा आठवडा तासिकेतली १० ते १५ मिनिटे त्यांची, बाकी तुमची. महाविद्यालयात सूक्ष्म अध्यापनात सहा मिनिटांचा पाठ आणि सहा मिनिटांचा अभिप्राय झालेला असतो, पण तिथे सहाध्यायीच विद्यार्थी होऊन बसतात आणि सगळी उत्तरे बरोबर देतात. खऱ्या साठ मुलांसमोर तेच कौशल्य नव्याने येते.

चौथ्या ते सहाव्या आठवड्यात पूर्ण तासिका, आठवड्याला दोन-तीन. सातव्यापासून एक अख्खा घटक सलग, संविधान तक्त्यासह (कोणत्या भागावर किती प्रश्न, किती गुण याचा आराखडा) घटक चाचणी आणि तपासणी धरून. सुटे पाठ कितीही झाले तरी छात्राध्यापकाला काल शिकवलेले आज कुठे गेले ते दिसत नाही. सलग घटकात ते लपत नाही.

सगळे पाठ शेवटच्या तीन आठवड्यांत कोंबणे हा नेहमीचा प्रकार. सण, चाचणी आणि पाऊस यांनी तारखा खाल्लेल्या असतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात तारखांनिशी तक्ता करा आणि दोघांनीही त्यावर सही करा. दिवसाला एकापेक्षा जास्त मूल्यमापनाचे पाठ नकोत.

सेमी-इंग्रजी वर्ग असेल तर आणखी एक काम. छात्राध्यापक मराठी माध्यमातून शिकलेला असू शकतो, किंवा उलट त्याला 'वेग' आणि 'चाल' यांतला फरक मराठीत सांगता येत नसतो. प्रत्येक घटकाआधी १० ते १२ पारिभाषिक शब्द दोन्ही भाषांत लिहून काढायला लावा. स्पष्टीकरण मराठीत आणि संज्ञा इंग्रजीत, असे मिश्रण बहुतेक सेमी वर्गांत चालतेच. फक्त एका तासिकेत एकाच गोष्टीला तीन नावे येऊ देऊ नका.

७. मागे बसून काय लिहायचे

वहीच्या पानाचे तीन रकाने करा. वेळ, शिक्षक काय म्हणाले, मुलांनी काय केले. शेरे नकोत, फक्त नोंद. 'प्रश्न कौशल्य कमी' याने काही कळत नाही. '११.२०: कळलं का? – हो (एका सुरात). ११.२३: कळलं का? – हो.' हे कळते.

प्रश्नानंतर किती थांबले तेही मोजा. अमेरिकी विज्ञान-शिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत हे मोजले, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात असे आढळले. थांबणे तीन सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरे लांबली आणि न बोलणारी मुलेही बोलू लागली. छात्राध्यापकाला तीन सेकंद युगासारखे वाटतात. मनात तीन आकडे मोजायला सांगा, तेवढे पुरते.

मध्येच उठून पाठ हातात घेऊ नका. अपवाद दोनच. एक, कोणाला इजा होण्याची शक्यता. दुसरा, आशयाची अशी चूक जी मुले वहीत उतरवून घेत आहेत. तेव्हाही मागून विद्यार्थ्यासारखा प्रश्न विचारा: "मॅडम, वजनाचं एकक किलोग्रॅम की न्यूटन?" तिला सावरायला वेळ मिळतो आणि वर्गासमोर तिचा मान राहतो. खासगीत तुम्ही तिला अगं-तुगं करत असाल, वर्गात मात्र 'मॅडम'च म्हणा. मुले तुमचाच सूर उचलतात.

८. पाठानंतरची १५ मिनिटे

ती त्याच दिवशी व्हायला हवीत. परवा बोलू म्हटले की दोघेही विसरतात.

पाठ संपायला पाच मिनिटे उरली की (ग)चा प्रश्न मुलांना द्यायला लावा, उत्तर वहीच्या मागच्या पानावर. १२ वह्या उचला. चर्चेच्या सुरुवातीला कोणी काही बोलायचे नाही, आधी त्या वह्यांचे तीन गठ्ठे करायचे: बरोबर, उत्तर बरोबर पण कारण चुकीचे, चूक. मधला गठ्ठा सर्वांत बोलका. 'बादलीत जास्त उष्णता, कारण बादली जास्त गरम' असे लिहिणारा मुलगा तोंडी परीक्षेत पास झाला असता.

गठ्ठे समोर आले की छात्राध्यापक स्वतःच बोलू लागतो, तुम्हाला चुका काढाव्या लागत नाहीत. मग तीनच प्रश्न विचारा. मुलांनी असे का लिहिले असेल? पाठात ते कुठे सुटले? उद्या पहिली पाच मिनिटे काय करशील? एका वेळी सुधारणेची एकच गोष्ट ठरवा आणि पुढच्या पाठात फक्त तीच पाहा. आवाज, फळा, प्रश्न, वेळ असे सात मुद्दे एकदम दिलेत तर त्यांतला एकही होत नाही.

रडू येण्याचे दिवसही येतात, साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यात, वर्ग हाताबाहेर गेला की. तेव्हा चर्चा पुढे ढकला आणि दुसऱ्या दिवशी तोच वर्ग दोघांनी मिळून घ्या.

९. मुलांच्या बाबतीतल्या सीमारेषा

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. छात्राध्यापकालाही ती लागू. अंगठे धरायला लावणे, बाकावर उभे करणे, 'तुला गणित येणारच नाही' म्हणणे, सगळे यात आले. मुलांचे मोबाइल क्रमांक घ्यायचे नाहीत, त्यांना समाजमाध्यमांवर जोडायचे नाही. अहवालासाठी फोटो लागत असतील तर मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आणि मुलांचे चेहरे न दाखवता. फळ्याचे आणि साहित्याचे फोटो पुरतात. प्रयोगशाळेत छात्राध्यापक एकटा वर्गासह नको, तुम्ही किंवा प्रयोगशाळा सहायक हजर हवेत.

१०. शेरा, गुण, सह्या

गुण देताना सगळ्यांना सारखेच देण्याचा मोह होतो. पहिल्या आणि शेवटच्या पाठाच्या तुमच्या नोंदी शेजारी ठेवा, फरक दिसेल तसे गुण द्या. शेऱ्यात एक तरी ठोस वाक्य हवे: 'भिन्नछेद अपूर्णांकांच्या बेरजेतली चूक मुलांच्या वहीतून ओळखून दुसऱ्या दिवशी कागदाच्या पट्ट्यांनी दुरुस्त केली.' न झालेल्या पाठावर सही करू नका. मित्रत्वाखातर मागतात, आणि पुढच्या वर्षी तीच प्रथा होऊन बसते.

जाताना त्यांच्याकडून एक गोष्ट मागून घ्या: घटकवार गोळा केलेल्या चुकांची वही, चूक, मुलाने सांगितलेले कारण आणि काय करून पाहिले, अशा तीन रकान्यांची. एक प्रत त्यांच्याकडे, एक प्रयोगशाळेच्या कपाटात. पुढच्या जुलैला नवे चौघे येतील तेव्हा पहिल्या सोमवारी त्यांच्या हातात तीच द्या.